‘मेदीना’ : एका शब्दाची हद्द

बायबलमधील एज्राच्या ग्रंथाचा मोठा भाग हिब्रूत आहे. त्यातील राजदरबाराशी झालेला पत्रव्यवहार मात्र अरामी भाषेत दिलेला आहे, कारण इराणच्या हखामनी साम्राज्याचा कारभार बव्हंशी त्या भाषेत चाले. यातील एका पत्रात ‘नदीपलीकडील’ मुलखाचा अधिकारी तत्तनइ सम्राट दारयावेशास कळवितो की, आपण ‘येहूद मेदीनता’ येथे गेलो असता मंदिराचे बांधकाम चालू असलेले आढळले. प्रसंग इ.स.पू. 520च्या सुमाराचा. ‘येहूद’ म्हणजे यहूदा. ‘मेदीनता’ हे ‘मेदीना’ या शब्दाचे निश्चयवाचक रूप. त्याचे भाषांतर सहसा ‘प्रांत’ असे होते आणि वाचक पुढे जातो. आम्ही मात्र येथे थोडे थांबू इच्छितो, कारण या शब्दाशी इतिहासाचा एक जुना वाद निगडित आहे.

आल्ब्रेख्त आल्ट या जर्मन अभ्यासकाने 1934 साली असे मांडले की, नहेम्या येईपर्यंत, म्हणजे इ.स.पू. 445पर्यंत, यहूदा हा स्वतंत्र प्रांत नव्हताच. तो शोमरोनच्या अखत्यारीत होता. नाहमान अविगाद यांनी 1976 साली काही मुद्रा व मातीवरील ठसे प्रसिद्ध केले आणि नहेम्यापूर्वीही तेथे स्वतंत्र अधिकारी होते, असे प्रतिपादन केले. त्या ठशांच्या कालनिश्चितीवर मतभेद आहेत. साहजिकच प्रश्न पुन्हा शब्दाकडे येतो : तत्तनइच्या पत्रात ‘मेदीनता’ असे स्पष्ट लिहिलेले असताना वाद कशाचा?

शब्दाची घडण पाहू. ‘दीन’ या धातूचा अर्थ न्याय करणे. ‘मेदीना’ म्हणजे जेथे एखाद्या अधिकाऱ्याचा न्याय चालतो ते क्षेत्र. या अर्थात आकारमानाचा उल्लेख नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणूनच दानिएलाच्या ग्रंथात बाबेलसारख्या विशाल मुलखाला हा शब्द लागतो आणि एज्राच्याच ग्रंथात माद्यांच्या देशालाही लागतो. उलट राजांच्या पहिल्या ग्रंथात अहाबाच्या कथेत ‘मेदीनों’चे अधिकारी येतात, ते इस्राएलच्या छोट्या राज्यातील उपविभागांचे. एस्तेरच्या ग्रंथात ‘होदू’पासून, म्हणजे सिंधूच्या मुलखापासून, कूशपर्यंत 127 मेदीना सांगितल्या आहेत. हेरोडोटस त्याच साम्राज्याचे 20 सुभे मोजतो. एस्तेरमधील संख्येत कथेची अतिशयोक्ती असेल. पण तेथे ‘मेदीना’ म्हणजे सुभा नव्हे, इतके त्यातून निश्चित दिसते.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपला ‘प्रांत’ हा शब्द असाच लवचीक आहे. ‘मध्य प्रांत’ म्हणताना आपल्यासमोर नागपूर राजधानी असलेला ब्रिटिश अमदानीतील विस्तीर्ण प्रदेश येतो; आणि ‘प्रांतसाहेबांकडे अर्ज केला’ म्हणताना जिल्ह्याच्या एका उपविभागाचा अधिकारी अभिप्रेत असतो. उद्या कोणी केवळ ‘प्रांत’ या शब्दावरून त्या अधिकाऱ्याला राज्यपालाच्या पंक्तीस बसविले, तर आपण हसू. ‘मेदीनता’वरून यहूदाचा दर्जा ठरविताना हीच चूक संभवते.

बरे, अधिकाऱ्याच्या पदनामाचा आधार घ्यावा, तर तेथेही तीच अडचण. ‘पेहा’ ही पदवी तत्तनइला आहे, आणि त्याच्या हाताखालच्या मुलखातील शेशबस्सर व जरुब्बाबेल यांनाही आहे. मुलखाचा शब्द आणि पदाचा शब्द, दोन्ही वरच्या व खालच्या पायरीवर सारखेच वापरले जात होते.

निर्णायक पुरावा मिळतो तो उत्तरकाळचा. इ.स.पू. 407 साली ईजिप्तमधील एलेफंटाइन येथील यहूद्यांनी यहूदाचा ‘पेहा’ बागोही याच्या नावे अर्ज लिहिला. इ.स.पू. चौथ्या शतकातील चांदीच्या नाण्यांवर ‘येहूद’ हे नाव कोरलेले आहे. वादी दालिये येथील गुहेत 1962 साली सापडलेल्या दस्तऐवजांत गुलामांच्या विक्रीची खते आहेत. त्यांत शोमरोन गढीचा आणि ती ज्या शोमरोन ‘मेदीनते’त आहे तिचा वेगवेगळा उल्लेख होतो. माणूस विकताना तो व्यवहार कोणाच्या हद्दीत झाला, हे नोंदवावे लागे. ‘मेदीना’ म्हणजे काय, हे कोशापेक्षा ही खतेच अधिक स्वच्छपणे सांगतात.

तेव्हा इ.स.पू. 520मधील यहूदाविषयी आम्ही इतकेच म्हणू : ते कारभारात वेगळे ओळखले जाणारे क्षेत्र होते. ते शोमरोनपासून स्वतंत्र होते की नाही, हे एकट्या शब्दाला विचारू नये.

पुढे या शब्दाने दूरचा प्रवास केला. सिरियाक भाषेत तो ‘शहर’ झाला. अरबीत यस्रिब नगर ‘मदीना’ म्हणून प्रसिद्ध पावले. आधुनिक हिब्रूत ‘मेदीना’ म्हणजे सार्वभौम राज्य. 1948 साली स्थापन झालेल्या इस्राएलच्या अधिकृत नावात तो याच अर्थाने आहे. नंतरचा अर्थ आधीच्या मजकुरावर लादण्याचा मोह येथेच उत्पन्न होतो. एज्राचा वाचक ‘मेदीना’ वाचून नकळत राज्य पाहू लागतो. वास्तविक तो शब्द परक्या सम्राटाच्या दफ्तरातील आहे. उपदेशकाच्या ग्रंथात मेदीनेत गरिबांवर होणाऱ्या अन्यायाचा उल्लेख येतो, आणि लगेच अधिकाऱ्यावर अधिकारी, त्याच्यावर आणखी अधिकारी अशी उतरंड दाखविली जाते. न्यायावरून नाव पडलेल्या क्षेत्राची ही खरी रचना होती. भाषांतरात ‘प्रांत’ हा शब्द राहू द्यावा. वाचताना मात्र त्याच्यावर कोण बसले आहे, हे विचारावे.