एका मैत्रिणीचे परत येणे

आपल्या वर्गातली एक मैत्रीण बारावीनंतर धर्मभगिनी होण्यासाठी घर सोडून गेली होती, हे बहुतेकांना आठवत असेल. घरचे कॅथलिक, तरी घरून विरोध होता. "पुस्तकं वाचून कुणी घर सोडतं का?" असे तिची आई म्हणायची. दीड वर्षाने ती परत आली, तेव्हा आपणच म्हणालो, "जमलं नाही वाटतं." तिला विचारूनच आज हे लिहितो आहे. आईच्या त्या प्रश्नाला आणि आपल्या त्या शेऱ्याला इतिहासात काय उत्तर मिळते, ते पाहावे म्हणून.

पुस्तक वाचून घर सोडणारे झाले आहेत. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला इग्नाटियस लोयोला हा स्पॅनिश सरदार घरी पडून होता. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. वाचताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद मागे टिकून राही. पुढे त्याने येशूसंघ स्थापन केला, तो १५४० मध्ये मान्य झाला. पण त्याआधी जवळजवळ वीस वर्षे गेली होती. पुस्तकाने त्याला हुकूम दिला नाही, स्वतःचे मन तपासायला शिकवले.

याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि त्यांच्या जागी आम्हाला काय, असे ते विचारत. आपल्याकडे श्रावणात पोथी लागते; ती सवय एका दिवसात कशी जाणार? स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मठात जाणाऱ्या मोजक्यांसाठी नव्हे, तर घरोघरी ऐकण्यासाठी ते होते.

आता आपल्या जवळचे नाव. नागपूरचे 'एसएफएस' सर्वांनाच माहीत आहे. ते नाव संत फ्रान्सिस द सेल्स यांचे. फ्रान्सच्या आनेसी गावाहून आलेल्या, त्यांच्याच नावाच्या संघातील मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूर भागात काम केले; १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. आपला भंडारा जिल्हा त्यातच येतो. फ्रान्सिस यांच्या वडिलांना मुलगा वकील व्हावा, मोठ्या पदावर जावा असे वाटे. मुलाने पादुआला कायद्याची पदवी घेतली आणि १५९३ मध्ये तो धर्मगुरू झाला. म्हणजे घरचा विरोध त्यांनाही नवा नव्हता. पण त्यांचे १६०९ चे गाजलेले पुस्तक प्रपंचातल्या माणसांसाठी आहे. नात्यातल्या एका विवाहित स्त्रीला केलेल्या उपदेशातून ते तयार झाले. कारागीर, विधवा, गृहिणी यांनी आपापल्या जागी राहून भक्ती कशी करावी, हे त्यात सांगितले आहे. व्रतस्थ व्हावे की नाही या विचारात असलेल्याच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे. घरी राहणे म्हणजे कमी प्रतीचा मार्ग, ही भीती त्याने जाते.

चर्चचा नियमही घाई करू देत नाही. सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी उमेदवारी सुरू करता येत नाही. उमेदवारी किमान बारा महिन्यांची. त्यानंतर निदान तीन वर्षे तात्पुरती व्रते, आणि मगच कायमची. उमेदवारीच्या काळात केव्हाही परत जाता येते. तो काळ परीक्षेत पास-नापास करण्यासाठी नाही, आपली वाट कोणती हे ओळखण्यासाठीच ठेवलेला आहे.

आपली मैत्रीण ती वाट ओळखूनच परतली होती. तिचा संसार झाला, मुले मोठी झाली. फ्रान्सिस यांचे ते पुस्तक अजून तिच्या उशाशी असते, असे ती सांगते.

मेळाव्याला ती येणार आहे. "जमलं नाही वाटतं" म्हणणाऱ्यांत मीही होतो. बाकीच्यांचे बाकीचे पाहतील. मी मात्र तिच्यापाशी जाऊन आधी क्षमा मागणार आहे.