बारव आणि नारू

हल्ली आमच्या बसवकल्याण तालुक्यात कुठं जुनी बारव उपसली, की फोटो काढायला गर्दी होते. कमानी, देवळ्या, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या देखण्या असतातच. कोहिनूरच्या माझ्या आजीला मात्र त्यांचं कधी कौतुक वाटलं नाही. निजामाच्या राज्यात वाढलेली ती बाई. घोट्याच्या वर नारूचा व्रण होता. म्हणायची, "पायऱ्या हाईत म्हनून तर नारू हाय."

शाळा न शिकलेल्या आजीनं रोगाचं मर्म नेमकं पकडलं होतं. नारू म्हणजे दोरीसारखा जंत, दोन-तीन फूट लांब. तो बहुधा पायालाच फोड आणून बाहेर पडतो. फोडाची आग सोसवत नाही, म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो. तेवढ्यात मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लोप्स नावाचे बारीक जलचर त्या गिळतात. ते पाणी कुणी प्यालं की साधारण वर्षानं त्याच्या पायाला फोड येतो. सायक्लोप्सचा हा भाग रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तानात शोधला.

कठड्याच्या आडातून पोहरा वर ओढणाऱ्याचा पाय पाण्याला लागत नाही. बारवेत घागर बुडवायला घोटाभर पाण्यात उतरावंच लागतं. ज्यांच्या वाड्यात स्वतःचा आड, ते बरेचसे सुटले. ज्यांना बारवेशिवाय पाणी नाही, त्यांच्या घरी नारू. रोग पाण्याचा असला तरी घर बघून येत होता, असं माझं मत आहे.

उपाय एकच. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोट-दोन बोटं ओढायचं. घाई केली आणि जंत तुटला, की पाय सुजून पू धरायचा. त्यातून उन्हाळ्यात, मृगाच्या पेरणीच्या तोंडावर, घरातला कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे खाटेवर. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असंही नाही.

ना लस, ना जंत मारणारं औषध. तरीही नारू गेला. 1983-84 साली देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हा कर्नाटक आणि महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण होते. कार्यकर्ते गावोगाव रुग्ण शोधत, विहिरीत सायक्लोप्स मारणारं टेमेफॉस टाकत, पायऱ्या बंद करून कठडे बांधत, हातपंप बसवत. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं काम अर्थात बायकांकडे आलं. श्रेय वाटताना हातपंपाचं नाव पुढं येतं, फडक्याचं कुणी घेत नाही. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

जगात 1986 साली अंदाजे पस्तीस लाख लोकांना नारू होता. 2023 साली चौदा जणांना. पण आफ्रिकेतल्या चाडमध्ये तो कुत्र्यांतही शिरला आहे. औषध आजही नाही. तिथले लोक कुत्री बांधून ठेवतात, कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी जमिनीत पुरतात आणि पाणी गाळूनच पितात.