जुन्या मनगटी घड्याळांचा संग्रह : मोल अस्सलपणाचे

मुंबईतील जुन्या वस्तूंच्या बाजारात एकाच कंपनीची, एकाच काळातील दोन स्विस घड्याळे कधी शेजारी मांडलेली आढळतात. एकाची तबकडी पिवळट व डागाळलेली, तर दुसऱ्याची कोरी आणि चकचकीत. नवखा ग्राहक दुसरे उचलतो, जाणकार पहिले. कारण या छंदात किंमत अस्सलपणाला असते आणि एकदा पुसला गेलेला अस्सलपणा कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

मुंबई आणि स्विस घड्याळे

स्विस घड्याळांशी मुंबईचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. १७३७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या फाव्र-लुबा या कंपनीने १८६५ मध्ये भारतीय बाजारपेठेत प्रवेश केला. वेस्ट एंड वॉच कंपनीची सुरुवात तर १८८६ मध्ये मुंबईतच झाली. तिचे 'सोवार प्राइमा' हे घड्याळ पुढे घरोघरी पोहोचले. उंची मोजणारे 'बिव्हॉक' (१९६२) आणि पाण्याची खोली दाखवणारे 'बाथी' (१९६८) ही फाव्र-लुबाची घड्याळे आज जगभरचे संग्राहक शोधतात. याच कंपनीची साधी 'सी किंग' आणि 'सी चीफ' ही मॉडेल मात्र मराठी मध्यमवर्गाच्या कपाटांतही सापडतात.

उंची घड्याळांच्या इतिहासातही भारताचे स्थान आहे. पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते, अशी भारतातील ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती. त्यातूनच तबकडी उलटी फिरवून झाकता येणारे 'रिव्हर्सो' १९३१ मध्ये जन्मले, असे जेजर-लकूल्त्र ही कंपनी सांगते.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून एचएमटीची देशी घड्याळे निघू लागली, पण स्विस घड्याळाचे आकर्षण टिकून राहिले. चोरट्या मार्गाने घड्याळे येत राहिली. सुटे भाग मात्र दुर्मीळ झाले.

'मुंबई स्पेशल' म्हणजे काय?

या टंचाईत घड्याळजींनी जुगाडाची कला साधली. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याचे काटे आणि नव्याने रंगवलेली तबकडी जुळवून बंद पडलेले घड्याळ चालते केले जाई. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही प्रामाणिक दुरुस्तीच होती. तेच घड्याळ 'मूळ स्थितीतील' म्हणून विकले जाते, तेव्हा फसवणूक सुरू होते. भडक रंगांच्या, नव्याने रंगवलेल्या तबकड्यांच्या अशा घड्याळांना परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. शहराच्या नावाला जोडलेली ही उपाधी फारशी भूषणावह नाही.

पारख कशी करावी?

जुन्या घड्याळाच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा तबकडीचा असतो. भिंगातून पाहिल्यास मूळ छपाई बारीक, रेखीव आणि समान जाडीची दिसते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड, कडा फुटलेल्या आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांपासून सरकलेल्या दिसतात. तळाशी 'स्विस' शब्दांची जागा चुकलेली असणे हीदेखील महत्त्वाची खूण.

अंधारात चमकणारा लेप काळ सांगतो. १९६० च्या दशकापर्यंत त्यासाठी रेडियम वापरत. त्यानंतर ट्रिटियम आले आणि तबकडीच्या तळाशी इंग्रजी 'टी' हे अक्षर दिसू लागले. १९९० च्या दशकाअखेरीस किरणोत्सारी नसलेले लेप रूढ झाले. म्हणून १९५० च्या दशकातील घड्याळ अंधारात आजही लख्ख चमकत असेल, तर लेप नंतरचा समजावा. रेडियमचा लेप चमकत नसला तरी किरणोत्सारी राहतो. तो घरी खरवडू नये.

मागचे झाकण उघडून यंत्रावरील कंपनीचे नाव व क्रमांक तबकडीशी आणि चौकटीशी जुळतात का, हे पाहणे आवश्यक आहे. चौकटीच्या मूळ धारदार कडा वारंवार पॉलिश केल्याने गोलसर होतात. त्यामुळेही मोल घटते.

तज्ज्ञही फसतात

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हातील लिलावात १९५७ सालचे म्हणून मांडलेले ओमेगा 'स्पीडमास्टर' ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. ते खुद्द ओमेगानेच आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले असल्याचे आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीने सांगितले. निर्मात्याचीच अशी फसगत होत असेल, तर केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

कायदा आणि कागदपत्रे

सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तस्करीच्या वाजवी संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते सापडले त्याच्यावर, तसेच मालकी सांगणाऱ्यावर येते. त्यामुळे खरेदीची पावती, जुने हमीपत्र आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या जपून ठेवणे हा संग्रहाचाच भाग होय. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांहून अधिक किमतीचे मनगटी घड्याळ विकताना विक्रेत्याने ग्राहकाकडून एक टक्का कर गोळा करण्याचा नियमही लागू झाला आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी पाठवण्यापूर्वी पुरावशेषविषयक १९७२ च्या कायद्यातील निर्बंध तपासून घ्यावेत.

घरातील घड्याळाचे काय?

अनेकांच्या संग्रहाची सुरुवात खरेदीने नव्हे, तर आजोबांच्या घड्याळाने होते. ते सापडताच 'नवे करून' घेण्याची इच्छा होते आणि नेमके तेच टाळायला हवे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रातील तेल सुकलेले असते, म्हणून चावी देऊन ते बळेच चालवू नये. विश्वासू घड्याळजीकडून फक्त यंत्राची सफाई व तेलपाणी करून घ्यावे. तबकडी रंगवू नये, चौकट पॉलिश करू नये आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घड्याळ कोरड्या जागी ठेवावे. झाकणावर 'वॉटरप्रूफ' लिहिले असले, तरी जुनी रबरी चकती कुजलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून ते पाण्यापासून दूर ठेवावे.

अशा घड्याळाला लिलावात लाखोंची बोली कदाचित लागणार नाही. पण तबकडीवरचा पिवळेपणा आणि झाकणाच्या आत घड्याळजींनी कोरलेल्या दुरुस्तीच्या बारीक खुणा हा त्या घराने वापरलेल्या काळाचा पुरावा असतो. तो राखणे हेच संग्राहकाचे पहिले काम.