उंचावरचा भूखंड

डिसेंबर 1810 मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी हॉक्सबरी नदीच्या खोऱ्यात दौऱ्यावर होता. तिथेच त्याने पाच नव्या गावांची नावे जाहीर केली: विंडसर, रिचमंड, कॅसलरे, पिट टाउन आणि विल्बरफोर्स. पाचही जागा नदीपासून उंचावर होत्या. सिडनीला धान्य पुरवणारी हॉक्सबरीची मळई 1806 आणि 1809 च्या पुरांत धुऊन निघाली होती आणि सगळ्या वसाहतीला धान्याची चणचण भासली होती. शेत खाली राहिले तरी घर, गुरे आणि धान्य वर असावे, हा मॅक्वारीचा विचार शहाणपणाचाच होता. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या प्रमाणात गावात भूखंड मिळणार होता. तरीही 1817 मध्ये, पुन्हा पूर येऊन गेल्यावर, त्याच गव्हर्नरला फर्मान काढून त्याच शेतकऱ्यांना फैलावर घ्यावे लागले, कारण बरेच जण अजून नदीकाठीच राहत होते. फर्मानाचा सगळा रोख त्यांच्या हट्टीपणावर होता. ऑस्ट्रेलियातल्या पुरांविषयी पुढची दोनशे वर्षे जे बोलले गेले त्याचा सूर असा तिथेच लागला: सरकार सांगून दमते, लोक ऐकत नाहीत. मला तो पटत नाही. लोक कधी हलले आणि कधी हलले नाहीत याचा ताळेबंद मांडून पाहिला, तर धोक्याची नुसती जाणीव करून दिल्याने फार थोडे हलले असे दिसते. खालच्या जमिनीच्या बदल्यात वरची जमीन हातात पडली, तीही लवकर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट, तिथे मात्र गावेच्या गावे हलली.

हॉक्सबरीच्या शेतकऱ्यांना नदी कळत नव्हती असे म्हणायला आधार नाही. गव्हर्नर फिलिपच्या तुकडीने 1789 मध्ये ही नदी पहिल्यांदा धुंडाळली, तेव्हाच झाडांच्या उंच फांद्यांत पुराने आणून अडकवलेला काटक्याकुटक्यांचा गुंता त्यांना दिसला होता. इथले मूळ रहिवासी असलेले धारुग लोक या नदीला दियारबिन म्हणत आणि तिच्या काठी हजारो वर्षे राहत आले होते. पाणी कुठवर चढते हे ते जाणून होते. 1794 पासून जे वसाहतवाले काठावर आले, त्यांनी पहिल्या काही वर्षांतच पूर अनुभवला. तरी ते खालीच राहिले, कारण पिकवणारी माती खाली होती. वरचा भूखंड शेतापासून लांब असे. उभ्या पिकाची राखण, गुरांची देखभाल, चोरीची धास्ती हे सगळे रोज तिथून येऊन-जाऊन करणे एकट्यादुकट्या कुटुंबाला झेपणारे नव्हते. शिवाय गावातला भूखंड शेताला कायमचा जोडलेला होता, तो वेगळा विकता येत नसे. म्हणजे सरकारने दिलेल्या जागेवर स्वतःच्या खर्चाने दुसरे घर बांधायचे आणि तिची किंमत मात्र वेगळी वसूल करता यायची नाही. गरीब शेतकऱ्याने हा हिशेब केला आणि पोटमाळ्यावर धान्य चढवून तो खालीच राहिला. जून 1867 मध्ये विंडसरला नदी नेहमीच्या पातळीहून सुमारे 19 मीटर चढली. उंचावरची म्हणून वसवलेली गावेही बेटे झाली आणि एकाच कुटुंबातल्या 12 बायका-मुलांचा बळी गेला. तेव्हा मॅक्वारीने ठरवलेली उंचीसुद्धा पुरी पडत नाही हेही कळून चुकले.

मरमबिजी नदीवरच्या गुंडगाईची कहाणी तर सरकारचीच बाजू लंगडी करते. 1838 मध्ये हे गाव सरकारी मोजणीदारांनीच नदी आणि तिचा एक फाटा यांच्यामधल्या सखल पट्ट्यावर आखले. तिथल्या मूळच्या विराजुरी लोकांनी ही जागा बुडते असे सांगितल्याच्या नोंदी आहेत. 1844 च्या पुरानंतर रहिवाशांनी वरचे भूखंड बदलून मागितले. सरकारने मानले नाही. विकलेली जमीन परत घेऊन दुसरी द्यायची तर महसूल खात्याची घडी विस्कटते, आणि सरकारी खात्याला नदीपेक्षा स्वतःच्या वहीची भीती नेहमीच जास्त असते. 24 आणि 25 जून 1852 च्या रात्री पाणी आले तेव्हा गावात अडीचशेच्या आसपास माणसे होती. त्यातली निदान 78 गेली. काही हिशेब 89 पर्यंत जातात. लोक माळ्यांवर, छपरांवर, मग झाडांवर चढले. त्यांना उतरवले यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी पुरुषांनी आणि त्यांच्या आणखी काही सोबत्यांनी. यारीची सालीची होडी इतकी लहान होती की एका खेपेत एकच माणूस बसे. अंधारात, वाहत्या ओंडक्यांतून अशा खेपा करत या लोकांनी चाळीसहून अधिक जीव वाचवले; काही जण हा आकडा सत्तरच्या घरात नेतात. त्यांना पुढे पितळी छातीपट्टे मिळाले. गुंडगाईत त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहायला मात्र 2017 साल उजाडावे लागले. त्या पुराच्या पुढच्याच वर्षी, 1853 मध्ये, पुन्हा मोठा पूर आल्यावर गाव टेकडीच्या उतारावर गेले. जे 1844 मध्ये लोक स्वतःहून मागत होते तेच नऊ वर्षांनी आणि इतक्या प्रेतांनंतर झाले. या गावाच्या बाबतीत हट्टी कोण, हे वाचकानेच ठरवावे.

क्वीन्सलंडमधल्या क्लरमाँटला याहून कमी वेळ लागला. डिसेंबर 1916 च्या अखेरीस चक्रीवादळामागून आलेल्या पुराने तिथे साठाहून अधिक माणसे नेली. 1917 मध्ये गावाची नवी आखणी उंच जागेवर झाली आणि जी लाकडी घरे-दुकाने तगली होती ती वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांनी ओढत वर नेली. क्वीन्सलंडची घरे खुंटांवर उभी असत, म्हणून ती उचलून नेता आली. दगडी गावाला हे जमले नसते. (पुराने झाडात नेऊन अडकवलेला पियानो अजून त्या गावाची खूण म्हणून मिरवला जातो. तिथे आज आहे ती अर्थातच प्रतिकृती.) मुद्दा असा, की माणसे, घरे आणि दुकाने एकदमच हलली. मागे राहून गिऱ्हाईक गमावण्याची भीती कोणाला उरली नाही.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांचा असेल: गावे कशाला हलवायची, नदीच आवरा. ब्रिस्बेनने हा मार्ग धरला. फेब्रुवारी 1893 मध्ये एकाच महिन्यात तिथे तीन पूर आले, नदी बंदर कचेरीपाशी 8.35 मीटर चढली, व्हिक्टोरिया पूल वाहून गेला. पुढे सॉमरसेट धरण झाले. जानेवारी 1974 च्या 5.45 मीटरच्या पुरानंतर विवेनहो धरण झाले. त्याचा उपयोग झाला नाही असे कोणीच म्हणणार नाही. जानेवारी 2011 मध्ये पाणी 4.46 मीटरवर थांबले आणि धरण नसते तर ते आणखी चढले असते. पण धरण झाल्यावर काठची सखल जमीन सुरक्षित समजली गेली आणि तिच्यावर घरे वाढत गेली. 2011 नंतर शहरात वाद रंगला तो दरवाजे केव्हा आणि किती उघडले यावर. त्यावर पूरग्रस्तांनी भरलेला खटला 2019 मध्ये त्यांच्या बाजूने लागला, 2021 मध्ये अपिलात धरण चालवणाऱ्या मुख्य संस्थेपुरता उलटला, आणि बाकीच्या प्रतिवादींनी 44 कोटी डॉलरवर तडजोड केली. त्या जागी घरे का होती, हा प्रश्न बाजूला राहिला. सिडनीजवळ वॉरगंबा धरणाची भिंत उंचावून हॉक्सबरीचे पूर आवरायची योजनाही बरीच वर्षे चर्चेत होती. 2023 मध्ये राज्य सरकारने ती सोडून दिली. धरणे नकोत असे माझे म्हणणे नाही. धरण पूर कमी करते आणि त्याच वेळी पुराच्या वाटेत माणसे आणून बसवते. पहिल्या गोष्टीचा हिशेब होतो, दुसरीचा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. सगळी गावे हलवता येणार नाहीत. मग वेळेवर माणसे बाहेर काढण्याची यंत्रणा चोख करा, ते पुरे. फेब्रुवारी 1955 मध्ये हंटर नदीने मेटलंड बुडवले, घरे पायासकट वाहून गेली, आणि त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सची राज्य आपत्कालीन सेवा सुरू झाली. नारिंगी गणवेशातल्या या स्वयंसेवकांनी पुढच्या दशकांत किती जीव वाचवले याची मोजदाद अवघड आहे. एप्रिल 1990 मध्ये बोगन नदीवरच्या निंगनमध्ये सगळे गाव दिवसरात्र वाळूच्या पिशव्या रचत होते. बांध फुटला तेव्हा दोन हजारांहून अधिक लोकांना, म्हणजे जवळजवळ सगळ्या गावाला, हेलिकॉप्टरने बाहेर नेले. काम अचाट होते, यात शंका नाही. पण पाणी ओसरल्यावर लोक त्याच घरांत परतले आणि बांध उंच झाला. स्थलांतराच्या आदेशाने माणूस वाचतो; त्याचे घर, त्यावरचे कर्ज आणि पुढच्या पुराची पाळी आहे तिथेच राहते. आणि आदेश ऐकणे तरी कशावर अवलंबून असते? ज्याच्याकडे गाडी आहे, दुसरीकडे नातेवाईक आहेत, विमा आहे, तो संध्याकाळीच निघतो. ज्याच्याकडे यातले काही नाही तो सामान माळ्यावर चढवत बसतो आणि नंतर त्याला हट्टी म्हणतात.

ग्रँथममध्ये मात्र क्लरमाँटनंतर जवळपास शतकभराने तेच पुन्हा घडले. 10 जानेवारी 2011 ला लॉकयर खोऱ्यातल्या या छोट्या गावातून पाण्याची भिंत गेली आणि 12 जण मेले. स्थानिक परिषदेने गावाला लागूनच उंचावरची जवळपास 380 हेक्टर जमीन विकत घेतली आणि खालचा भूखंड द्या, वरचा घ्या असा देवघेवीचा प्रस्ताव मांडला. सक्ती नव्हती. ऑगस्टमध्ये चिठ्ठ्या टाकून भूखंड वाटले गेले आणि वर्ष संपायच्या आत पहिली कुटुंबे नव्या घरांत गेली. शाळा तीच राहिली, शेजार बराचसा तोच राहिला. परिषदेने जमीन दिली, घर बांधून दिले नाही. ज्यांच्या विमा कंपन्यांनी हात वर केले त्यांना हे परवडले नाही, हे दोषाचे मानले पाहिजे. ग्रँथम लहान होते म्हणून जमले, असेही म्हणतात. ते खरे आहे. पण एरवी एकेका पुरात रस्ते, भरपाई आणि साफसफाईवर जो पैसा जातो तो पाहता, निदान काही पेठा, काही वाड्या हलवणे आवाक्याबाहेर आहे असे मला वाटत नाही.

शहराचा काही भाग हलवण्याचे लिस्मोर हे चालू असलेले उदाहरण आहे. विल्सन्स नदीवरच्या या शहराचा बांध साडेदहा मीटरच्या आसपासच्या पुरासाठी होता आणि 2017 मध्ये पाणी त्यावरून गेले होते. 1954 आणि 1974 चे पूर 12 मीटरच्या थोडे वर होते, म्हणून लोकांनी सामान त्याहून वरच्या खुणेपर्यंत चढवले. 28 फेब्रुवारी 2022 ला नदी 14.4 मीटरवर पोचली. आदल्या दिवशीचा अंदाज याहून कितीतरी कमी होता. सरकारी बोटी पुऱ्या पडल्या नाहीत, तेव्हा मासेमारीच्या छोट्या होड्या घेऊन शेजारी निघाले आणि छपरांवरून, छपरे फोडूनही माणसे काढली. ‘कूरी मेल’ या आदिवासींच्या मालकीच्या वृत्तपत्राची कचेरी स्वतः बुडाली होती. तीच पुढे मदतकेंद्र झाली. त्यानंतर सरकारने 70 कोटी डॉलरची योजना आणली: घरे विकत घ्यायची, उंचवायची किंवा पुराला तोंड देतील अशी दुरुस्त करायची. पुरापूर्वीची किंमत देऊ केली, हे उदारपणाचे होते. पण पैसा आधी आला आणि जमीन मागे राहिली. सखल भागातल्या घराच्या किमतीत टेकडीवर घर मिळत नव्हते, नव्या वसाहतींची आखणी कागदावर रेंगाळली, आणि शेजारी एकेक करून वेगवेगळ्या दिशांना गेले. विकत घेतलेल्या रिकाम्या घरांपैकी काहींत बेघर माणसे राहायला आली. मग त्यांना बाहेर काढायला पोलीस आले. ग्रँथममध्ये आधी डोंगरावरची जमीन दाखवली आणि मग खालचे घर मागितले. लिस्मोरमध्ये क्रम उलटा लागला, आणि तिथल्या काही कुटुंबांनी पैसे घेण्याऐवजी घर उंच खांबांवर चढवून खालीच राहणे पसंत केले.