दाराआडची पाटी

१९५० च्या आसपासच्या डॉज किंवा प्लिमथ गाडीचं पुढचं दार पूर्ण उघडलं, की बिजागरीच्या खांबावर ग्रीस आणि धुळीच्या थराखाली बोटभर लांबीची एक पाटी सापडते. सापडते म्हणायचं, कारण ती चटकन दिसत नाही. मूळ रंगावर नंतरच्या मालकांनी चढवलेले दोन-तीन रंग तिच्यावरही बसलेले असतात. बोट फिरवलं तर आकडे लागतात. कुठला तरी एक आकडा किंचित कलंडलेला, एखादा बाकीच्यांपेक्षा खोल. कारखान्यात कुणीतरी पंच धरून हातोडीने ठोकलेला तो क्रमांक असतो.

गाडीचं इंजिन बदलतं, सीटं बदलतात, दिवे आणि बंपर तर कितीदा बदलतात. ही गाडी नेमकी कोणती, हे सांगायची जबाबदारी त्या पाटीवर आणि पत्र्यात ठोकलेल्या क्रमांकावर राहते. तरीही जुनी गाडी डेंटिंग-पेंटिंगला गेली की सगळ्यात आधी हरवते ती पाटीच. रंगाच्या आड येते म्हणून कुणी ती उचकटतं, नट-बोल्टच्या डब्यात टाकतं, आणि गाडी चकाचक होऊन बाहेर पडते तेव्हा तो डबा कुठे गेला हे कुणालाच आठवत नाही.

सोलापूरकराला हा विषय समजावून सांगावा लागू नये. सोलापुरी चादरीच्या कडेला बनवणाऱ्याचं नाव शिवलेलं नसतं, ते विणलेलं असतं. नाव काढायचं तर चादर उसवावी लागेल. ज्या गावाने आपली ओळख अशी धाग्यात गुंतवली आणि पुढे चादरीसाठी भौगोलिक मानांकनही मिळवलं, त्याच गावात भारतीय मोटारीच्या पाटीचीही एक गोष्ट सुरू होते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. घर कापसाच्या व्यापारातलं आणि सावकारीतलं. वालचंदांनी शिक्षण अर्धवट सोडलं, घरच्या पेढीवर मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटकांबरोबर ते ठेकेदारीत उतरले. पहिलं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेचं. कुर्डुवाडीहून बार्शीकडे धावणाऱ्या या अडीच फुटी रुळांच्या गाडीला इंग्लंडातल्या लीड्स गावी किटसन कंपनीने बांधलेली इंजिनं होती. परदेशी कारखान्याचं नाव अंगावर मिरवणारी यंत्रं त्या काळी इथल्या माणसाला रोज भेटत. गिरणीत लँकेशायरच्या नावाची, रुळांवर लीड्सच्या नावाची. त्या पाटीवर आपल्या गावाचं, आपल्या देशाचं नाव का नाही, हा प्रश्न वालचंदांनी आयुष्यभर सोडला नाही. १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून निघालं, त्यामागेही हाच हट्ट दिसतो.

मोटारीचा हट्ट मात्र जास्त महागात पडला. भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकातच मांडली होती, आणि वालचंद तिच्या पाठीशी उभे राहिले. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी झालेली बोलणी फिसकटली. क्रायस्लर तयार झाली आणि १९४० मध्ये करार झाला. पण ब्रिटिश सरकारने या कारखान्याला पाठबळ दिलं नाही. त्याच अमेरिकेच्या प्रवासात, परतीच्या विमानात, विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि १९४० अखेर बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. म्हणजे विमानाचा कारखाना आधी आला, मोटारीचा नंतर. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं बाहेर पडायला १९४७ उजाडलं.

सुरुवातीला ही वाहनं अमेरिकेहून सुट्या भागांच्या पेट्यांतून यायची आणि कुर्ल्यात जोडली जायची. इथेच पाटीचं महत्त्व लक्षात येतं. क्रायस्लरची परदेशी बाजारासाठीची एक युक्ती होती. डॉज किंग्जवे आणि डीसोटो डिप्लोमॅट ही नावं वेगळी, पण अंगाने त्या प्लिमथच. पुढची जाळी, बॉनेटवरचा बिल्ला, थोडी सजावट बदलली की दुसरी गाडी तयार. ट्रकचंही तेच. डॉज, डीसोटो आणि फारगो हे एकाच ट्रकचे तीन अवतार. आज एखाद्या गोदामात अशी गाडी मिळाली आणि तिचा बिल्ला हरवलेला असेल, तर नुसत्या नजरेने तिचं नाव सांगणं जाणकारालाही जड जातं. उलट बाजारातून भलताच बिल्ला आणून लावलेला असेल तर गाडी चुकीच्या नावाने बारसं करून घेते. बाहेरचा बिल्ला विकत मिळतो. दाराआडची पाटी आणि तिच्यावरचा क्रमांक मिळत नाही.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण बदललं. नुसती जोडणी करणाऱ्यांना परवानगी नाही. टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम हवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी ८ एप्रिलला वालचंद गेले. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी जोडलेलं नातं पुढे वाढत गेलं आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यातून निघू लागली. १९६४ ला आलेल्या मॉडेलला लोक ‘डिलाइट’ म्हणून ओळखतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं, गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि लगेचच, १९७४ मध्ये, ‘प्रीमियर पद्मिनी’. इंजिन तेच १०८९ सीसीचं, देह बहुतांशी तोच. लोकांनी मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं.

एका देहाची तीन नावं झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली. डिलाइटच्या मालकाला गाडी नवी दिसावी असं वाटलं की तो पद्मिनीची जाळी बसवून घ्यायचा. आता उलटा प्रवाह आहे. पद्मिनीला जुन्या फियाटची क्रोमची जाळी, जुने दिवे बसवून ‘साठ सालची’ म्हणून पुढे केलं जातं. जाळी आणि दिवे बघून भुलायचं नाही. बॉनेट उघडायचं, पाटी शोधायची, पाटीवरचा क्रमांक पत्र्यातल्या क्रमांकाशी ताडायचा, आणि मग दोन्ही आरसी बुकाशी. तिन्ही जुळले तर गाडी खरी बोलते आहे.

आता ही पाटी वाचवायची कशी?

पहिलं काम म्हणजे हात न लावता फोटो काढणं. पाटी सरळ आहे की तिरकी, कोणत्या भोकात कोणता रिबीट आहे, रंगाचे थर किती. दुसरं काम खोलण्याचं. पाट्या बहुधा छोट्या रिबीटांनी किंवा हातोडीने ठोकून बसवायच्या, दांड्याला पीळ असलेल्या खिळ्यांनी लावलेल्या असतात. पत्र्यामागून हात पोचत असेल तर मागून हलके ठोके देत खिळा बाहेर आणायचा. पोचत नसेल तर खिळ्याच्या डोक्यावर बारीक कानशीने खाच पाडायची आणि पेचकसाने उलटा पीळ देत काढायचा. पुढून पटाशी घालून उचकटली की पाटीचा कान मुडपतो, आणि ॲल्युमिनियमची पाटी असेल तर तो कान सरळ करताना तुटतोच.

साफसफाईत सगळ्यात जास्त पाट्या मेल्या आहेत. पितळी दिसली की चिंच, नाहीतर देवघरातली भांडी घासायची पावडर, ही आपल्याकडची सवय. पण या पाटीवरची काळी किंवा लाल जमीन म्हणजे खोलगट भागात भरलेला रंग असतो; तो घासून गेला की अक्षरं उरतात, पाटीचा चेहरा जातो. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ पुरतो. वरचा रंग काढायचा तर रंग सोडवणारं द्रावण कापसाच्या बोळ्याने थोडं थोडं लावायचं, आणि आधी एका कोपऱ्यावर. खोलगट रंग खरोखरच उडाला असेल तर तिथे नवा रंग भरायचा आणि सपाट लाकडी ठोकळ्याला कापड गुंडाळून वरवर पुसायचा. कापड ठोकळ्यावर ताणलेलं असल्यामुळे ते खळग्यात उतरत नाही. उंच अक्षरं मोकळी होतात, खळग्यातला रंग राहतो.

परत बसवताना भोकं तीच आणि खिळ्याचा आकार तोच ठेवायचा. ॲल्युमिनियमच्या पाटीला लोखंडी स्क्रू मारला की दमट हवेत दोन धातूंच्या संगतीने पाटीच कुरतडली जाते. खिळे ही गाडीची साक्षच असते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६० च्या दशकात क्रमांकाच्या पाटीसाठी फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे खास रिबीट वापरायला सुरुवात केली, ती पाटी बदलली की लगेच कळावं म्हणूनच. सतरा चिन्हांचा एकसारखा क्रमांक तिथे १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत आपापली. फियाटच्या इटालियन पाटीवर तर सुट्या भागांसाठी वेगळा क्रमांक असे, कारण मॉडेल तेच राहूनही मध्येच भाग बदलत, आणि दुकानदाराला नेमका कोणता द्यायचा हे त्यावरून कळे.

हरवलेल्या पाटीची नक्कल आज लेझरवर तासाभरात बनते आणि मोह तिथेच होतो. हुबेहूब नक्कल करून जुनी म्हणून लावणं हे चादरीच्या कडेला दुसऱ्याचं नाव विणण्यासारखंच आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरिन सनदेचा आग्रह असा, की नव्याने बनवलेला भाग नवा म्हणून ओळखू यावा अशी न खुपणारी पण कायमची खूण त्यावर असावी. पाटीच्या पाठीवर ‘नक्कल’ आणि वर्ष कोरायला काय लागतं? पत्र्यातल्या मूळ क्रमांकाला तर हातच लावायचा नाही. तो पुसट झाला म्हणून नव्याने पंच मारणं कायद्यातही अडकवतं आणि गाडीलाही कायमचं संशयित करून ठेवतं.

सरकारी कागदातही हा क्रमांकच निर्णायक असतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, म्हणजे एमएच-१३ च्याही आधीची अक्षरं सोलापूरच्या रस्त्यावर पुन्हा दिसू शकतात. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, आणि गाडी रेघेच्या कोणत्या बाजूची, याचा निवाडा करताना चासी क्रमांकाकडे वळावंच लागतं.

परदेशी जाणकार इंजिन आणि चासी दोन्हींचे क्रमांक मूळचे असण्यावर भर देतात. आपल्याकडे हा निकष जसाच्या तसा लावणं अन्याय्य आहे. पेट्रोल परवडेना म्हणून इथल्या ट्रकांत पर्किन्सची डिझेल इंजिनं बसली, टॅक्सींतही डिझेल आलं, आणि त्याची रीतसर नोंद आरसी बुकात झाली. हा बदल गाडीचा डाग नाही, तिचं इथलं आयुष्य आहे. नव्या इंजिनचा क्रमांक पुसून जुना ठोकण्यापेक्षा नोंदीचं ते पान जपून ठेवलेलं बरं.

आरटीओच्या तपासणीत चासी क्रमांकाचा ठसा घेण्याची रीत आहे. आकड्यांवर कागदाची पट्टी धरायची आणि पेन्सिल आडवी करून घासायची. आधी नुसता करडा पट्टा दिसतो, मग एकेक आकडा पांढरा होऊन वर येतो, पंच घसरला असेल तर त्याची घसरणही उमटते. गाडी ज्यांची आहे त्यांनी हा ठसा एकदा स्वतःसाठीही घ्यावा आणि आरसीच्या प्रतीबरोबर घरात ठेवावा. गाडी चोरीला गेली, पत्रा सडला, पाटी हरवली, तर हाच कागद कामाला येईल.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून रस्त्यावरून उतरली. एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. मोडीत निघणाऱ्या गाडीचा चासी क्रमांकाचा तुकडा वेगळा कापून ठेवतात, ती गाडी पुन्हा कागदावर जिवंत होऊ नये म्हणून. हातभर पत्रा, मधोमध ठोकलेले आकडे, आणि कडेला कापणीच्या ज्योतीने करपलेला काळा-पिवळा रंग.