शेजारी राउटरची ओळख

वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्के आपल्याकडचे मार्ग एकमेकांना बीजीपी या प्रोटोकॉलने कळवतात. जानेवारी 1989 मध्ये ऑस्टिन येथील बैठकीत, जेवणाच्या टेबलावर, कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेक्टर यांनी त्याचा आराखडा कागदी रुमालांवर मांडला. जूनमध्ये तो प्रसिद्ध झाला. बीजीपी टीसीपीच्या 179 क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, आणि शेजारी कोण हे दोन्ही बाजूंना आधीच हाताने लिहून ठेवावे लागते.

खरी मेख इथेच आहे. राउटरला केबल जोडायच्या प्रत्येक पोर्टागणिक वेगळा पत्ता असतो. काही सांगितले नाही तर पॅकेट ज्या पोर्टातून बाहेर पडते त्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लागतो. पलीकडच्या राउटरने दुसरा पत्ता लिहिलेला असेल तर तो जोडणी नाकारतो. पडद्यावर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसत राहते; नवख्याला सगळे सुरळीत वाटते, पण सेशन जुळलेलेच नसते.

एकाच कंपनीच्या आत यावर लूपबॅक पत्त्याचा तोडगा रुळला. हा पत्ता कोणत्याही केबलला बांधलेला नसतो. एक मार्ग तुटला तरी दुसऱ्या मार्गाने तो गाठता येतो. ‘अपडेट-सोर्स’ ही ओळ लिहून राउटरला प्रेषक म्हणून तोच वापरायला लावतात, आणि ती दोन्हीकडे लिहिलेली बरी. बाहेरच्या शेजाऱ्याशी मात्र सहसा समोरासमोरच्या केबलवरचाच पत्ता वापरतात, कारण अशा सेशनची पॅकेट्स मुळात एकाच टप्प्यापुरती सोडलेली असतात. तिथे लूपबॅक वापरायचा तर टप्प्यांची मर्यादा वाढवावी लागते. ऑगस्ट 1998 मध्ये या सेशनांसाठी एमडी5 सहीची पद्धत प्रसिद्ध झाली. तोवर ओळखीची भिस्त मुख्यतः पत्त्यावरच होती, आणि ती तोकडी होती.

भारतात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. 1998 मध्ये खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. पण या कंपन्या देशात आपसांत फारशा जोडलेल्या नव्हत्या. वैनगंगेकाठच्या कारध्याहून नागपूरला, दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला, पाठवलेली मेल अमेरिकेचा वळसा घेऊन पोचू शके. हे टाळण्यासाठी 2003 मध्ये निक्सी ही इंटरनेट एक्स्चेंज चालवणारी संस्था स्थापन झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई होती. अशा एक्स्चेंजवर सगळे राउटर एकाच स्विचवर येतात. प्रत्येकाला एक्स्चेंजच्या सामायिक गटातला पत्ता मिळतो, आणि शेजाऱ्यांशी सेशन त्याच पत्त्यावरून होते. लूपबॅक तिथे कंपनीच्या आतल्या कामापुरता उरतो.