उंच इमारती आणि भूकंप : दोन नगरांचा धडा

इमारत जितकी उंच, तितका तिला भूकंपाचा धोका अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ८ महत्तेचा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको सिटी तेथून साडेतीनशे किलोमीटर दूर. तरीही तेथे हजारो माणसे प्राणास मुकली. या नगराचा मध्यभाग प्राचीन सरोवराच्या गाळावर वसलेला आहे. तो मऊ गाळ सुमारे दोन सेकंदांस एक हेलकावा, अशा लयीत डोलू लागला. प्रत्येक इमारतीलाही डोलण्याची स्वतःची लय असते. बुटकी इमारत झटपट डोलते, उंच इमारत संथपणे. मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची लय जमिनीच्या लयीशी जुळली, त्यांचे हेलकावे वाढत गेले आणि त्यांचीच हानी सर्वाधिक झाली. त्याच गाळावर १९५६ साली पूर्ण झालेला ४४ मजली लॅटिनोअमेरिकाना मनोरा मात्र सुरक्षित राहिला. त्याचा पाया खालच्या घट्ट थरापर्यंत नेलेला होता व भूकंपाचा विचार आराखड्यातच झालेला होता.

२६ जानेवारी २००१ रोजी हाच धडा आपल्या देशास मिळाला. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ; पण दोनशे किलोमीटरांहून दूर, साबरमतीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळशा तळमजला व वर चार मजले एवढ्याच होत्या. मोटारींसाठी तळमजला मोकळा ठेवून केवळ खांब उभारलेले होते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा दुबळा. साहजिकच सारा ताण त्या खांबांवर आला.

शास्त्र अज्ञात होते असे नव्हे. भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानक संहिता १९६२ पासूनच अस्तित्वात होती. उणीव होती ती अंमलबजावणीची. २००२ च्या सुधारित संहितेने अशा मोकळ्या मजल्याचे खांब अडीचपट भार गृहीत धरून आखावेत, असे सांगितले. पण त्याआधी शेकडो कुटुंबे ढिगाऱ्याखाली गेली होती.

परप्रांतात स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांनी जन्माची पुंजी सदनिकेत घातली आहे. सदनिका घेताना आपण दिशा, उजेड, शेजार पाहतो. जमीन कोणती व खांबांचा हिशेब कोणी तपासला, हेही विचारावयास हवे.